लोणार : समुद्रापासून चारशे किलोमीटरवरचा खारा काठ (धागा)

१/ अरबी समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला खाऱ्या पाण्याचा काठ लाभला आहे. त्या पाण्याला भरती-ओहोटी नाही, बंदर नाही, मासेमारीचा गाजावाजा नाही. तरीही निदान आठशे वर्षांपासून माणसे वाट वाकडी करून येथे येत आली आहेत. कोणी पितरांसाठी आले, कोणी क्षारासाठी, कोणी दगडासाठी. हा धागा त्या गावाचा, म्हणजे लोणारचा, आणि तेथे येऊन गेलेल्यांचा.

२/ प्रथम जागा समजून घेऊ. मेहकरकडून लोणारला येताना सपाट काळ्या रानात काही विशेष दिसत नाही. गावापाशी जमीन किंचित उंचावते आणि मग पायांखालची भूमी एकाएकी संपते. समोर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ गोल विवर. काठापासून तळ साधारण १५० मीटर खाली. उतारावर दाट झाडी आणि मध्यभागी हिरवट पाणी. या विवराचा वर उचललेला काठ हेच त्याच्या जन्माचे पहिले चिन्ह. पण ते ओळखायला विज्ञानाला दीडशे वर्षे लागली.

३/ येथे एक तुलना उपयोगी पडेल. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये खारे पाणी हे औषध मानले जाऊ लागले. वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरचे लँडुड्नो हे गाव त्यातूनच नावारूपाला आले. १८५८ साली तेथे रेल्वेचा फाटा पोहोचला, १८७७ साली समुद्रात शिरणारा लांबलचक धक्का खुला झाला, किनाऱ्यालगत उतारूंसाठी इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. माणसे खारी हवा आणि समुद्रस्नान यांसाठी तेथे जात. म्हणजे गाव नांदले ते खाऱ्या पाण्यावर.

४/ लोणारचे गणित नेमके उलटे आहे. येथेही माणूस पाण्यासाठीच येतो, पण खाऱ्या तळ्यात स्नान करण्यासाठी नव्हे. तो स्नान करतो विवराच्या काठावरून पडणाऱ्या गोड्या धारेखाली. खारे पाणी दैत्याचे आणि गोडे पाणी देवाचे, अशी येथील परंपरेने केलेली वाटणी आहे. लोणारचा सगळा इतिहास या दोन पाण्यांच्या मधल्या पट्टीत घडला, आणि आजचा प्रश्नही तेथेच उभा आहे.

५/ कथा अशी. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या गुहेत राहून भोवतालचा प्रदेश उद्ध्वस्त करीत असे. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोन बहिणींकडून गुहेचा ठाव काढला आणि पायाच्या अंगठ्याने तिचे झाकण उडवून दिले. मग दैत्याचा वध झाला. तळ्याचे पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि क्षार म्हणजे त्याचे मांस, असे सांगतात. उडालेले झाकण म्हणून दूर नैर्ऋत्येकडच्या एका शंकूसारख्या टेकडीकडे बोट दाखवले जाते.

६/ ही कथा वाचून अनेकांना मोह होतो : जमिनीचे झाकण उडाले, म्हणजे पूर्वजांनी उल्का पडताना पाहिली असणार! इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबावे. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघते. इतक्या काळाची आठवण कथेतून टिकली, असे मानायला आधार नाही. कथेचे मोल वेगळे आहे. लोकांनी जमीन नीट पाहिली होती. खड्डा आहे, काठ उचललेला आहे, पाणी खारट आहे. या तीन गोष्टींचे उत्तर त्यांनी आपल्या भाषेत दिले.

७/ त्या उत्तराला दगडी रूप मिळाले ते गावातल्या दैत्यसूदन मंदिरात. साधारण बाराव्या शतकाच्या आसपासचे हे मंदिर ताऱ्यासारख्या कोनाकोनांच्या आराखड्यावर उभे आहे. बाहेरच्या भिंती मूर्तींनी भरलेल्या आहेत आणि गाभाऱ्यात दैत्यावर उभा असलेला विष्णू आहे. खेड्याच्या गरजेपुरते हे बांधकाम नव्हे. इतके कुशल कारागीर आणि इतका खर्च जेथे येतो, तेथे यात्रेकरूंचा राबता आणि राजसत्तेची नजर असतेच.

८/ गावातून विवराकडे निघाले की काठावर धार लागते. गोमुखातून बारमाही पडणारे हे गोडे पाणी हे लोणारच्या यात्रेचे मुख्य ठिकाण. धारेखाली स्नान, बाजूच्या देवळांत दर्शन आणि मग खाली उतरणारी वाट, असा जुना क्रम. वरून पाहिले तर दृश्य विलक्षण आहे : पायांशी वाहते गोडे पाणी आणि खाली ज्याला कोठेही वाट नाही असे खारे पाणी.

९/ खाली तळ्याच्या काठाने देवळांची माळ आहे. रामगया, वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळ्याचा महादेव आणि कमळजा देवी. बहुतेक देवळे मोडकळीस आलेली, झाडांच्या मुळांनी वेढलेली. कमळजा देवीचे देऊळ मात्र आजही जागते आहे. नवरात्रात तेथे यात्रा भरते. देवळासमोर ‘सासू-सुनेची विहीर’ दाखवतात : तिचे देवळाकडचे पाणी गोडे आणि तळ्याकडचे खारे. तळ्याच्या काठी गोडे झरे फुटतात, ही भूगर्भातली गोष्ट लोकांनी घरातल्या दोन स्वभावांच्या नावाने लक्षात ठेवली.

१०/ आता कागदपत्रांकडे वळू. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेला. अकबराच्या राज्याची माहिती देणाऱ्या अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकरच्या सरकारात लोणारची नोंद आहे. (‘सरकार’ म्हणजे त्या काळचा महसुली विभाग.) ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात, असे तो ग्रंथ सांगतो. बिहारमधील गया ब्रह्मदेवाची, विजापूरजवळची रुद्राची आणि लोणारची विष्णूची, अशा तीन गया त्याने मोजल्या आहेत. म्हणजे सोळाव्या शतकात पितरांच्या उद्धारासाठी येथे माणसे येत होती आणि दूर उत्तरेतल्या दरबारालाही ते ठाऊक होते.

११/ त्याच नोंदीत दुसरी बाजूही आहे. चारी बाजूंनी उंच डोंगरांनी वेढलेले, लांबीरुंदीला कोसभर असे तळे. त्याचे पाणी खारट, पण काही जागी गोडे. त्यातून काच आणि साबण बनवण्याचा माल मिळतो, सोरा निघतो आणि त्याचा चांगला महसूल येतो. डोंगरावर बैलाच्या मुखाचा झरा असून सोमवती अमावास्येला त्याचे पाणी मोठ्या तळ्यात उतरते, असेही तेथे म्हटले आहे. एका परिच्छेदात पुण्य, महसूल आणि दोन पाणी, तिन्ही येतात. लोणारचे इतके नेटके वर्णन पुढच्या दोनशे वर्षांत क्वचितच झाले असेल.

१२/ क्षार कोठून येतो? तळ्याला बाहेर पडायला वाट नाही. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी काळ्या पाषाणातून सोडियमसारखी द्रव्ये विरघळवून आत आणते आणि नंतर केवळ वाफ होऊन निघून जाते. द्रव्ये मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालले की पाणी खारे होते. येथील खारेपणात समुद्री मिठासोबत सोड्याचाही मोठा वाटा आहे. म्हणूनच पाणी अतिशय अल्कधर्मी आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास जातो. हाताला ते किंचित बुळबुळीत लागते.

१३/ उन्हाळ्यात पाणी आटले की काठाच्या चिखलावर क्षाराची साय धरते. ती गोळा करणे हा येथील जुना धंदा. गोळा होणाऱ्या क्षारांना प्रतीप्रमाणे नावे होती : दल्ला, निमक, खुप्पल, पापडी, भुस्की. बांगड्यांची काच, साबण, कापडाची रंगाई, पापडांचा खार अशा कामांसाठी हा माल जाई. देवळांच्या इतिहासात या कष्टकऱ्यांचा उल्लेख नसतो. पण भर उन्हात, गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या या माणसांच्या श्रमावर तो ‘चांगला महसूल’ उभा होता.

१४/ १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर हा ब्रिटिश अधिकारी येथे आला. त्याच्यामुळे लोणार युरोपीय वाचकांना माहीत झाले. अनेक ठिकाणी त्याने लोणारचा ‘शोध लावला’ असे लिहिलेले आढळते. आठशे वर्षांचे मंदिर, आईन-ए-अकबरीतील नोंद आणि क्षारांचा चालता व्यापार डोळ्यांसमोर असताना हा शब्द टिकत नाही. अलेक्झांडरने एक नवा प्रश्न आणला, एवढेच म्हणावे. हा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता; १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला आणि प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या वाढली.

१५/ प्रश्न होता : हा खड्डा कशामुळे? दख्खनचे पठार लाव्हाच्या थरांचे. तेव्हा उत्तर सोपे वाटले : ज्वालामुखी. १८९६ साली अमेरिकी भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील मोठ्या विवराची चर्चा करताना लोणारचा दाखला दिला आणि दोन्ही विवरांचा संबंध वाफेच्या स्फोटाशी जोडला. १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्ती यांनी लोणारवर सविस्तर लेखन केले. तेही भूगर्भातील शक्तींच्याच बाजूचे.

१६/ एक अडचण मात्र राहिली. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि विवर मात्र कालचे वाटावे इतके ताजे. मधल्या काळात या भागात ज्वालामुखी जागा झाल्याची खूण नाही. १९६० साली ॲरिझोनाचे विवर अशनीच्या आघाताने झाले, हे तेथील आघातजन्य खनिजावरून सिद्ध झाले. गिल्बर्ट यांच्या जोडीतले एक विवर असे बाजू बदलून गेले. १९६४ साली लाफाँड आणि डीट्झ यांनी लोणारसाठीही हाच विचार मांडला. १९७२ साली व्ही. के. नायक यांनी येथील काचमय कणांकडे पुरावा म्हणून लक्ष वेधले.

१७/ निर्णायक पुरावा खोल होता. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तळ्यात छिद्रे घेतली. सुमारे १०० मीटर गाळाखाली चुरा झालेला पाषाण लागला आणि त्यात मास्केलिनाइट सापडले. पाषाणातले एक नेहमीचे खनिज प्रचंड धक्क्याने, न वितळता, काचेसारखे होते, ते मास्केलिनाइट. तसा धक्का कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही. १९७३ साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला आणि वाद मिटला. लोणार अशनीच्या आघाताचेच विवर होते.

१८/ येथे इतिहासाने एक योगायोग साधला आहे. मास्केलिनाइट जगात प्रथम ओळखले गेले ते १८७२ साली, शेरघाटी येथे पडलेल्या अशनीत. हा अशनी १८६५ साली पडला आणि शेरघाटी आहे बिहारच्या गया जिल्ह्यात. ज्या स्थानाला अबुल फजलच्या काळी विष्णुगया म्हणत, त्याचे कोडे सोडवणारे द्रव्य थोरल्या गयेच्या शेजारी पडलेल्या दगडात आधी भेटले होते. यात गूढ काही नाही. पण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९/ लोणारचे महत्त्व केवळ आकारात नाही. पृथ्वीवर काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, झालेली आघातविवरे अत्यंत थोडी. त्यांत सर्वांत सुस्थितीतले हे. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा मोठा भूभाग बेसॉल्टचाच आहे. त्यामुळे तेथील विवरे समजून घ्यायची तर अभ्यासकाला बुलढाणा जिल्ह्यात यावे लागते. १९७९ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला. २००० साली वन्यजीव अभयारण्य झाले.

२०/ मग आला जून २०२०. टाळेबंदीच्या दिवसांत तळ्याचे पाणी गुलाबी झाले आणि छायाचित्रे जगभर फिरली. शाप, संकेत, रसायन, असे सगळे तर्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी घटून खारेपणा वाढला होता. अशा पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तो रंग आला होता. जीव तळाशी बसले की पाणी पुन्हा निवळते, हेही दिसले. त्याच वर्षी लोणार रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत गेले. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे.

२१/ गुलाबी पाण्याने एक गोष्ट सर्वांसमोर आणली : हे तळे म्हणजे स्थिर चित्र नाही, तोललेला तराजू आहे. एका पारड्यात आत येणारे गोडे पाणी, दुसऱ्यात उन्हाने उडणारे. गोडे पाणी कमी पडले तर तळे आटत जाईल. जास्त झाले तर खारेपणा फिका पडेल आणि त्यावर जगणारी, जगात दुर्मीळ असलेली सूक्ष्म सृष्टी संपेल. पातळी चढली की काठावरच्या जुन्या देवळांच्या दगडांतही पाणी शिरते. म्हणजे सृष्टी आणि शिल्प, दोहोंचे भवितव्य एकाच पातळीवर टांगलेले आहे.

२२/ हा तराजू माणूस हलवू शकतो आणि हलवतो. काठावरच्या वस्तीचे सांडपाणी, भोवतालच्या शेतांतली खते, विहिरी व कूपनलिकांचा उपसा, पाझर तलाव, उतारावर माजलेली वेडी बाभूळ, यात्रेकरू आणि पर्यटक यांचा कचरा. यांतील प्रत्येक गोष्टीमागे कोणाची तरी खरी गरज आहे. गावाला पाणी हवे, शेताला खत हवे, देवीला यात्रा हवी, तरुणांना पर्यटनातून रोजगार हवा. म्हणून ‘गाव हटवा, तळे वाचवा’ किंवा ‘तळे राहू द्या, विकास करा’ ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हा विषय पुन्हा पुन्हा आला, त्याचे कारणही हेच.

२३/ लँडुड्नोची आठवण येथे पुन्हा होते. समुद्राला कितीही उतारू आले तरी त्याच्या खारेपणात फरक पडत नाही; धक्के बांधा, इमारती बांधा, समुद्र समुद्रच राहतो. लोणारचे तळे जेमतेम सव्वा किलोमीटर रुंद आहे. काठावर बांधलेले प्रत्येक स्नानगृह अखेर त्याच्याच पोटात रिते होऊ शकते. सागरकिनाऱ्यावरच्या पर्यटननगराचा नमुना येथे जसाच्या तसा उतरवता येत नाही, तो याच कारणाने.

२४/ लोणारला जाणाऱ्याने काय पाहावे? आधी गावातले दैत्यसूदन मंदिर, म्हणजे कथा कळते. मग धार, म्हणजे गोडे पाणी कळते. मग काठावर उभे राहून विवराचा उचललेला कडा, म्हणजे आघात कळतो. खाली उतरायचे तर सकाळी, पाणी आणि वाटाड्या सोबत घेऊन. वाट झाडीची आहे. दगड खिशात घालू नये : तो कण म्हणजे पुरावा असू शकतो. साबण, प्लॅस्टिक, निर्माल्य काहीही तळ्याकडे जाऊ देऊ नये.

२५/ यात्रेकरूने येथे गया पाहिली, मोगल दप्तराने महसूल पाहिला, क्षार काढणाऱ्याने पोट पाहिले, भूवैज्ञानिकाने आधी ज्वालामुखी आणि मग अशनी पाहिला. प्रत्येकाने लोणारकडून काहीतरी नेले. तळ्यात परत काय गेले, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही. आजच्या पिढीकडे तो मांडण्याची साधने आहेत : सामू मोजता येतो, पातळी मोजता येते, गाळातला इतिहास वाचता येतो. काठावरून गोडी धार आजही पडते आहे आणि खाली खारे तळे तिची वाट पाहते आहे. त्या दोहोंमधला तोल राखणे, एवढेच काम पुढच्या येणाऱ्यांसाठी उरले आहे.